७९ टेस्टचं पॅकेज: रक्त पक्कं, हिशेब कच्चा

पॅकेज: ‘फुल बॉडी चेकअप’, ७९ टेस्ट, घरी येऊन रक्त नेणार. ६,५०० रुपये खोडून खाली १,९९९. माझं आणि आमच्या ह्यांचं, दोघांचं केलं. माझं वय ४६, ह्यांचं ५२, राहणार डोंबिवली पूर्व. लॅबचं नाव लिहीत नाही. मोबाइलवर ज्या चार-पाच लॅबच्या जाहिराती सतत येत असतात, त्यांच्या पॅकेजची ठेवण बघितली तर सगळी एका माळेचे मणी आहेत.

आधी चांगलं सांगते. रक्त घेणारा मुलगा सकाळी साडेसहाला सांगितल्या वेळी दारात हजर. पहिला प्रश्न, “काकू, चहा नाही ना झाला?” बरोबर प्रश्न आहे, कारण आपला चहा म्हणजे दूध-साखर, त्याने उपाशीपोटीची शुगर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही आकडे बिघडतात. नाव आणि जन्मतारीख मलाच सांगायला लावली, मग माझ्या डोळ्यांदेखत नळ्यांवर बारकोड लावले. दंडाला पट्टा बांधला, आणि नळीत रक्त यायला लागताच सैल केला. तो फार वेळ आवळून ठेवला तर तिथलं रक्त घट्ट होतं आणि काही आकडे उगाच वर जातात. आधी पिवळ्या झाकणाची नळी, मग जांभळी, शेवटी करडी. भरलेली नळी मनगट फिरवून सावकाश उलटी-सुलटी करत होता. मी म्हटलं, “जोरात हलव की, लवकर मिसळेल.” तर म्हणाला, “नाही काकू, लाल पेशी फुटतात, मग पोटॅशियम चुकीचं येतं.” ह्या मुलाला पाचपैकी पाच. त्याला पगार किती देतात कोण जाणे.

चालू गोळ्यांबद्दल मात्र ना त्याने विचारलं, ना ॲपच्या सूचनांत काही होतं. मी केसांसाठी बायोटिनची गोळी घेते. तिच्यामुळे थायरॉइडचा टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो, आणि माझा तसाच दिसला. गोळी थांबवून पुन्हा केला तर व्यवस्थित. ही एक ओळ सूचनांत छापायला काय पैसे पडतात?

रिपोर्ट संध्याकाळी आला. चकचकीत पीडीएफ, पहिल्या पानावर माणसाचं रंगीत चित्र. हृदय हिरवं, लिव्हर पिवळं, वगैरे. मी कॉलेजच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, बिल आलं की ओळ न् ओळ ताडून बघायची खोडच आहे. तेव्हा ७९ टेस्ट मोजायला बसले.

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, एक जांभळी नळी आणि एक मशीन. यादीत त्याच्या वीसहून जास्त ‘टेस्ट’. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार टक्क्यांत एकदा आणि संख्येत पुन्हा एकदा. कोलेस्टेरॉलमध्ये खरं मोजायचं तीन-चार गोष्टींचं. मग व्हीएलडीएल म्हणजे बहुतेक ठिकाणी ट्रायग्लिसराइड भागिले पाच, नॉन-एचडीएल म्हणजे वजाबाकी, आणि पुढे गुणोत्तरांची रांग. बिलिरुबिन एकूण आणि डायरेक्ट मोजलं, इनडायरेक्ट वजाबाकीने आलं. एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन, त्या दोघांचा भागाकार ही आणखी एक टेस्ट. युरिया आणि ब्लड युरिया नायट्रोजन अशा दोन ओळी, त्यातली एक दुसरीला २.१४ने भागून येते! एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी टेस्ट) ५.९ आलं म्हणून खाली ‘सरासरी ग्लुकोज १२३’, तीही वेगळी टेस्ट. असे नुसते हिशेब काढून टाकले तर पंधराच्या आसपास ओळी तिथेच गळतात. आकडे खोटे नाहीत, डॉक्टरांना त्यातले काही लागतातही. पण भागाकाराला टेस्ट म्हणून विकणं म्हणजे ताटातल्या मिठाला आणि लिंबाला वेगळे पदार्थ मोजण्यासारखं आहे.

आणि इतक्या ओळी असल्या की काहीतरी लाल येणारच. नॉर्मलची पट्टी साधारणपणे अशी ठरवतात, की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे चांगल्या माणसाच्याही एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या, तर एक तरी पट्टीबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. ह्यांचा एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, दशांशाने लाल आला आणि ते दोन दिवस गूगलवर प्लेटलेट वाचत बसले.

आता ‘मोफत कन्सल्टेशन’. फोनवर डाएटिशियन होती, डॉक्टर नव्हे. माझं ५.९ बघून “मॅडम, तुम्ही प्रीडायबेटिक आहात,” म्हणाली, गोड बंद करायला सांगितलं आणि एका सप्लिमेंटची लिंक पाठवली. ५.७ ते ६.४ हा प्रीडायबेटिसचा, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याचा, पट्टा आहे, तेवढं बरोबर. पण त्याच रिपोर्टमध्ये माझं हिमोग्लोबिन १०.४ होतं. बायकांना १२च्या खाली म्हणजे ॲनिमिया. त्यावर अवाक्षर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत ॲनिमिया निघाला होता. इतकं घरोघरी असलेलं दुखणं हिला दिसू नये?

रिपोर्ट घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलं-दुसरं पान बघितलंच नाही, थेट हिमोग्लोबिनवर बोट ठेवलं. म्हणाले, लोह कमी असलं तर लाल पेशी जास्त दिवस रक्तात फिरतात, त्यांना साखर जास्त चिकटते आणि एचबीए१सी वर दिसू शकतं. तेव्हा जेवणानंतर दोन तासांची शुगर बघा. ती १२८ आली, १४०च्या आत. मग फेरिटिन करायला सांगितलं, शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. ७९च्या यादीत लोहाच्या चार ओळी होत्या, फेरिटिन नव्हतं! ते ९ आलं. पाळीला रक्त किती जातं हे त्यांनी विचारलं, आणि तिथून मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाडलं. तिथे सोनोग्राफी झाली, आणि इतकी वर्षं टाळलेली पॅप (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची) तपासणीही झाली.

ह्यांचं तर वेगळंच. रिपोर्टात हृदय हिरवंगार, कोलेस्टेरॉल उत्तम, स्वारी खुशीत. डॉक्टरांनी सहज म्हणून दंडाला पट्टा गुंडाळला तर ब्लड प्रेशर १५८/९६. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा घेतलं, १५४/९६. मग घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगितलं. घरी बसून घेतलेलं सरासरीत १३५/८५च्या पुढे असेल तर ते वाढलेलं समजतात, दवाखान्यासाठी हीच रेष १४०/९०. ह्यांचं घरीही १४८च्या खाली येईना. डोकं नाही दुखत, चक्कर नाही, काही नाही. गोळी सुरू झाली, लोणचं-पापड बंद झालं, आणि लघवीत अल्ब्युमिन जातंय का तेही बघायला सांगितलं. लघवीची एकही तपासणी त्या पॅकेजात नाही. ती ‘ॲड-ऑन’.

ॲड-ऑनमध्येच ‘लेडीज कॅन्सर स्क्रीन’ होतं, ९०० रुपये, म्हणजे सीए-१२५, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ताची टेस्ट. घेऊ नका. काही तक्रार नसलेल्या बाईने ही टेस्ट करू नये असंच डॉक्टर सांगतात. फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असेल, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) असेल, नुसती पाळी चालू असेल तरी हा आकडा वाढतो, आणि मग पोटात भीतीचा गोळा घेऊन सोनोग्राफीच्या रांगेत उभं राहायचं.

ह्या सगळ्यात मला आठवल्या सासूबाई. त्या चिपळूणजवळच्या गावात राहतात, मशेरी लावतात, कितीही सांगा सोडत नाहीत. तिथे आशाताई घरी येऊन फॉर्म भरून गेल्या आणि मग उपकेंद्रात, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांना बोलावलं. ब्लड प्रेशर घेतलं, बोटाला टोचून शुगर बघितली, कंबर मोजली, आणि तिथल्या मॅडमनी बॅटरी लावून गालाची आतली बाजू, जीभ, हिरड्या, सगळं तोंड तपासलं. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी हे आहे: ब्लड प्रेशर, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर. एक रुपया पडला नाही. रंगीत चित्र मात्र मिळालं नाही.

पुढच्या वर्षी मी सुट्ट्या टेस्ट करणार: सीबीसी, फेरिटिन, उपाशी आणि जेवणानंतरची शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवी. स्टेशनजवळच्या लॅबमध्ये विचारलं, पॅकेजपेक्षा दोन-तीनशे इकडे-तिकडे. लॅब कुठलीही घ्या, रिपोर्टवर एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह आहे का बघा, आणि खाली बारीक अक्षरात ‘ही टेस्ट मान्यतेच्या कक्षेत नाही’ असं कशावर लिहिलंय तेही बघा. जुन्या करपद्धतीत असाल तर पावती जपून ठेवा. आरोग्य विम्याच्या वजावटीखाली (सगळे ८०डी म्हणतात ती) प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजा मिळतात, रोख दिले असले तरी. ते त्या वजावटीच्या एकूण मर्यादेच्या आतच धरतात, वरचे नाहीत. आमच्या स्टाफरूममध्ये दर मार्चला ह्यावर वाद होतो.

रक्त घेणं ५/५, वेळेवर रिपोर्ट ५/५, पॅकेजची निवड २/५, कन्सल्टेशन ०.

काल लॅबमधून फोन आला, नव्या ९६ टेस्टच्या पॅकेजवर जुन्या ग्राहकांना सूट आहे म्हणून. मी विचारलं, त्यात ब्लड प्रेशर आहे का? मुलीने थांबायला सांगितलं, बहुधा यादी बघितली, आणि म्हणाली, “मॅडम, ती टेस्ट आपल्याकडे अव्हेलेबल नाही, पण व्हिटॅमिन डी फ्री देऊ शकते.”