कोयना की घाटघर? गावात जलविद्युत प्रकल्प येतोय तेव्हा काय तपासायचं

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आज ज्या जलविद्युत प्रकल्पांची बोलणी चालू आहेत, ते बहुतेक उदंचन पद्धतीचे आहेत, म्हणजे वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडून वीज काढायची आणि तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. ग्रामसभेत मात्र दाखला निघतो तो कोयनेचा. एक बाजू सांगते की कोयनेनं महाराष्ट्राला वीज दिली, दुसरी सांगते की कोयनेनं गावं बुडवली. दोन्ही खरं आहे, पण येऊ घातलेल्या प्रकल्पाला दोन्ही नीट लागू पडत नाही. त्याची तुलना घाटघरच्या उदंचन प्रकल्पाशी करायला हवी.

आधी विजेचं. हिशेब सोपा आहे: पाणी घनमीटरमध्ये, उतार मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून ३६७ ने भागा आणि यंत्रातली घट म्हणून ०.९ ने गुणा. उत्तर युनिटमध्ये येतं. कोयनेचं पाणी पोफळीच्या बाजूला पावणेपाचशे मीटर खाली येतं, म्हणजे घनमीटरमागे साधारण १.१५ युनिट. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वापरतात. पण पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं यावर कृष्णेचं पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची मर्यादा आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्या पाण्यातून पावणेतीनशे कोटी युनिटच्या आसपास वीज बसते. कोयनेची १९६० मेगावॉटची यंत्रं वर्षभर अखंड फिरली असती, तर १७०० कोटी युनिट निघाली असती. मेगावॉटचा आकडा ऐकून भारावून जाऊ नये, ते एवढ्यासाठी. वरचं पाणी आणि रोजचे तास विचारा. कोयना मुळात संध्याकाळच्या चढ्या मागणीला धावून जाणारा प्रकल्प आहे, आणि उन्हाळ्यात कोटा संपत आला की यंत्रं शाबूत असूनही हात आखडता घ्यावा लागतो.

घाटघर २५० मेगावॉटचं आहे, १२५ ची दोन यंत्रं. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात, मधला उतार चारशे मीटरहून थोडा जास्त. सहा तास चाललं तर १५ लाख युनिट, आणि त्याला पाणी लागतं साधारण १५ लाख घनमीटर, म्हणजे ०.०५ टीएमसी. कोयनेच्या १०५ टीएमसी साठ्यापुढे हे काहीच नाही. तेच पाणी पुन्हा वर चढवायचं असल्यामुळे नदी अडवून वर्षाचा साठा करावा लागत नाही. पहिल्यांदा भरून घ्यायचं, नंतर बाष्पीभवनाची आणि गळतीची तूट भरायची.

मात्र चढवायला वीज लागते. १०० युनिट परत हवे असतील तर १२५ ते १३५ खर्चावे लागतात. म्हणजे उदंचन प्रकल्प वीज निर्माण करत नाही, साठवतो. पूर्वी रात्रीची कोळशाची स्वस्त वीज वापरून पाणी चढवायचं गणित होतं, आता दुपारची सौर वीज आहे. ग्रिडला त्याचा उपयोग मोठा आहे. ‘प्रकल्पामुळे तालुक्याचं भारनियमन जाईल’ असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. वीज उच्चदाब वाहिनीत जाते आणि तुमच्या गावाला वीज देणारा फीडर होता तसाच राहतो.

माणसांच्या बाजूनं फरक आणखी मोठा आहे. कोयनेत सुमारे ११५ चौरस किलोमीटर जमीन बुडाली, शंभरेक गावांना झळ बसली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, पहिला आला १९७६ मध्ये. काही प्रश्न अजून निस्तरले जात आहेत. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, ज्यात सुमारे १८० माणसं गेली. जलाशयानं चाळवलेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून तो जगभर अभ्यासला जातो. उदंचनात बुडीत क्षेत्र लहान असतं. विस्थापनाच्या तराजूत ते नक्कीच हलकं, यात वाद नाही.

पण मोठं धरण मागाहून थोडंफार परतही देतं: खालच्या शेतीला पाणी, जलाशयात मासेमारी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर. उदंचनाच्या तळ्यात पातळी रोजच्या रोज काही मीटर वर-खाली होते. गाळपेर होत नाही, मासा नीट टिकत नाही, आणि कडेला गुरं पाण्यावर नेणं धोक्याचं, कारण यंत्रं सुरू होताच पाणी चढू लागतं. सिंचनाचं आश्वासन मिळालं तर त्या पाण्याचा वेगळा कोटा मंजूर आहे का ते कागदावर मागा. नुसतं फिरतं पाणी शेताला देता येत नाही.

आमचं मत: खालचं किंवा वरचं धरण आधीपासून असेल, तर असा प्रकल्प विचारात घ्यावा. दोन्ही तळी नवी आणि वरचं सड्यावर (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर), चराईच्या जागेत असेल, तर घाई करू नये. जमीन कोण घेतंय तेही पाहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं खासगी कंपनीसाठी संपादन करायचं तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के. थेट खरेदीखतं झाली तर संमतीची ही अट लागतच नाही, आणि दलाल सुरुवात तिथूनच करतात.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ते झरे. पाणी वर चढवताना उलट फिरणारी उदंचनाची यंत्रं खालच्या तळ्याच्या पातळीपेक्षा बरीच खाली बसवावी लागतात, नाहीतर पंप चालताना पाण्यात बुडबुडे फुटून पाती खातात. म्हणून भुयारी वीजगृह, लांब बोगदे, सुरुंग आणि मलब्याचे ढीग. बोगद्यानं पाणी धरणारा थर कापला की वरच्या वाडीचा झरा मार्चमध्येच आटू शकतो, आणि तो बोगद्यामुळेच आटला हे नंतर सिद्ध करता येत नाही. त्यामुळे काम सुरू होण्याआधी फेब्रुवारी ते मे दर पंधरवड्याला प्रत्येक झऱ्यावर २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा, विहिरींची पातळी दोरीनं घ्या, तारखेसह फोटो काढा आणि ग्रामसेवक-तलाठ्यांच्या सहीचा पंचनामा करून ठेवा. घरांच्या भिंतींना आधीपासून असलेल्या भेगाही त्यातच नोंदवा.