घरचा ६१ कीचा कीबोर्ड बँडमध्ये : अकरा महिन्यांचा अनुभव

घेतला तेव्हा बँड वगैरे काही डोक्यात नव्हतं. रोज तासभर आपल्यापुरतं वाजवायचं, एवढाच बेत होता. ६१ की, आतच स्पीकर, ऑटो-रिदम (आपोआप वाजणारा ताल) आणि सहाशेच्या वर टोन, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातले बहुतेक कीबोर्ड एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. मग एका हौशी बँडला कीबोर्डवाला हवा होता म्हणून गेलो, आणि आता दोन बँडमध्ये वाजवतोय.

पहिल्याच तालमीत, तिसरं गाणं संपल्यावर बेसवाला अगदी शांतपणे म्हणाला, "वाजवतोस छान रे, पण डावा हात जरा खिशात ठेव." राग आला. एकटं वाजवताना डाव्या हाताने खालचे सूर भरले नाहीत तर गाणं उघडं पडतं, आणि तीच तर मी इतके दिवस घासून केलेली तयारी! घरी येऊन हिशेब केला तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. माझ्या कीबोर्डची सगळ्यात डावीकडची की साधारण ६५ हर्ट्झला वाजते (आकडा जितका कमी, तितका सूर खालचा). बेस गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार ४१ हर्ट्झची, तिच्या शेजारची ५५ची. म्हणजे माझी पहिली की त्या दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पट्टीवर) येते. वर गिटारची जाड तार ८२ला सुरू होते. माझा अख्खा डावा हात दुसऱ्यांच्या घरात राहत होता, तोही भाडं न देता.

आता बहुतेक गाण्यांत उजव्या हाताने तीन सूर, मधल्या सप्तकात, आणि तेही दोन गिटारी थांबल्या असतील तर. एका गाण्यात पहिलं कडवं संपेपर्यंत मी काहीच वाजवत नाही. सुरुवातीला तेव्हा हातांचं काय करावं तेच कळायचं नाही.

सहाशे टोनचं म्हणाल तर मी सहा वापरतो. घरी ज्यावर भाळलो होतो तो भरगच्च पियानो ड्रम सुरू झाले की गायब होतो. इलेक्ट्रिक पियानो मात्र ऐकू येतो. सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो ऑर्गन, ज्याला मी घरी हातही लावला नव्हता. की दाबून ठेवली तोवर त्याचा सूर विरत नाही, आणि जोरात आपटलं म्हणून आवाज वाढत नाही. त्यामुळे जोशात येऊन कीबोर्ड बडवण्याची माझी सवय आपोआप झाकली जाते. पियानोसाठी टच 'हार्ड'वर ठेवलाय, म्हणजे मोठ्या आवाजासाठी की जास्त जोरात दाबावी लागते, नाहीतर बँडमध्ये प्रत्येक सूर ओरडूनच येतो. पियानोवर स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनसारख्या वाद्यांचा) टोन चढवून सूर लांबवणारं सस्टेन पेडल दाबलं की आधीचे सूर मध्येच तुटतात. एका वेळी ६४ सूर ही याची मर्यादा कागदावर भरपूर वाटते, पण स्टिरिओ पियानोचा एकेक सूर त्यातल्या दोन जागा खातो. ऑटो-रिदम बँडमध्ये एकदाही लावलेला नाही. लावला असता तर ड्रमरने स्टिक फेकून मारली असती.

आता खरी तक्रार. याला मागे वेगळा लाइन आउट (मिक्सरला आवाज द्यायची जागा) नाही, फक्त हेडफोनचं भोक. घरी त्याने काही अडत नाही. पहिल्या कार्यक्रमाच्या साउंडचेकला मी त्यात स्टिरिओ केबल खुपसली आणि दुसरं टोक मिक्सरच्या बॅलन्स्ड चॅनलला दिलं. पियानोचा गाभाच नाहीसा! मागे पोकळ, ओल्या भिंतीतून आल्यासारखं काहीतरी उरलं. मला वाटलं कीबोर्ड गेला. झालं होतं असं, की बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा घेतं. माझ्या केबलमध्ये एका तारेवर डावा चॅनल आणि दुसरीवर उजवा, म्हणून दोन्हीकडे सारखं होतं ते सगळं एकमेकांत वजा झालं. उपाय साधा होता : स्टिरिओचे दोन मोनो करणारी वाय केबल, आणि तिथून डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज मिक्सरच्या बॅलन्स्ड चॅनलला चालेल असा करून देणारी डबी. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबल्यावर मागची घुंईसुद्धा थांबली. पण हेडफोनच्या भोकात काही घातलं की आतले स्पीकर बंद होतात. म्हणजे समोर मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) नसेल तर मी काय वाजवतोय ते मला सोडून सगळ्यांना ऐकू येतं. नवीन घेणाऱ्याने टोन मोजू नयेत, मागची भोकं मोजावीत.

ट्रान्सपोजचं बटण, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलणारं, हे वरदान आहे आणि सापळाही. गायिकेला ऐन वेळी पांढरी चारऐवजी काळी तीन हवी असते. ती अर्धा सूर वर, म्हणून ट्रान्सपोज एक वर केलं की काम झालं. पुढच्या गाण्याला ते परत शून्यावर आणायचं मी विसरलो, आणि चार जण एका पट्टीत, मी त्यांच्या अर्धा सूर वर. बेसवाल्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. आता प्रत्येक गाण्याचा टोन, आवाज आणि ट्रान्सपोज एकत्र मेमरीत साठवून ठेवतो. एका बटणावर सगळं येतं. ही सोय माझ्या कीबोर्डवर आहे म्हणूनच तो अजून माझ्याकडे आहे.

सस्टेन पेडलची एक गंमत. कीबोर्ड सुरू करताना पाय पेडलवर असेल तर त्याचं कामच उलटं होतं : पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की तुटतात. बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडल कुठल्या जातीचं आहे ते ओळखतात, म्हणून हा घोळ. बंद करून, पाय बाजूला ठेवून परत सुरू करायचा.

एक्स आकाराचा स्वस्त स्टँड उभ्याने वाजवताना डुलतो. तो आधी बदलेन, कीबोर्ड नंतर. वजनाला हलका असल्याने एका खांद्यावर जातो. ८८ कीवाल्यांचे हाल बघून ६१ घेतल्याचं अजून तरी वाईट वाटलेलं नाही.

रविवारी बेसवाला येणार नाहीये. काल त्याचाच मेसेज आला : "काढ आता डावा हात खिशातून." स्प्लिट लावून ठेवलाय, म्हणजे कीबोर्डचे दोन भाग करून प्रत्येकाला वेगळा टोन. डावीकडच्या दीड सप्तकात बेसचा टोन, एक सप्तक खाली सरकवलेला, नाहीतर त्याच्या जाड तारेपर्यंत पोचता येत नाही. उजवीकडे ऑर्गन. दोन्ही हात एकदम वाजवायची सवय गेलीय, त्यामुळे कालपासून डावा हात एकटाच घासतोय.