एमबीए एचआर की एमएसडब्ल्यू? पहिल्या नोकरीपासून केलेली तुलना

एचआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागात, जायचं एवढं ठरलं की महाराष्ट्रात पदवीनंतर दोन रस्ते समोर येतात: एमबीए एचआर, किंवा एचआर स्पेशलायझेशन घेऊन एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). दोन्ही दोन वर्षांचे, आणि दोन्हींच्या माहितीपत्रकात शेवटी 'एचआर एक्झिक्युटिव्ह' असंच लिहिलेलं असतं. पण हे दोन अभ्यासक्रम बहुतेकांना वेगवेगळ्या दारांनी आत नेतात, आणि पुढची पाच-सात वर्षं कुठलं काम वाट्याला येणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

आधी एक अपवाद बाजूला काढू. जमशेदपूरचं एक्सएलआरआय, मुंबईची टीस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), पुण्यातल्या सिम्बायोसिसच्या वरच्या संस्था यांचा हिशोब वेगळा आहे. तिथे मोठ्या कंपन्या थेट मॅनेजमेंट ट्रेनी घेतात. एक्सएटी, कॅट किंवा स्नॅप या प्रवेश परीक्षांमध्ये तिथवर पोचणारे गुण असतील, तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, प्रवेश घ्या. प्रश्न आहे तो बाकीच्यांचा, म्हणजे बहुसंख्यांचा.

सर्वसाधारण कॉलेजातून एमबीए एचआर झालेल्यांची पहिली नोकरी बहुतेकदा रिक्रूटमेंटची असते, आणि तीही कंपनीत नसून कन्सल्टन्सीत. सकाळी पोर्टलवर रेझ्युमे शोधायचे, फोन लावायचे, 'नोटीस पिरियड किती? सध्याचा सीटीसी (वर्षाचा एकूण पगार)? अपेक्षा काय?' हे तीन प्रश्न विचारायचे, ट्रॅकरमध्ये भरायचं, संध्याकाळी टीम लीडला आकडा द्यायचा. उमेदवाराने ऑफर घेतली आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवला, की महिन्याचं टार्गेट गेलं. या कामाला मी कमी लेखत नाही. माणूस पारखणं, बोलण्यातली धिटाई, आयटीतल्या पदांची समज इथे झपाट्याने येते, आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत शिरण्याची वाटही इथूनच निघते. पण पेरोल (पगाराचा हिशोब), कायदा, शिस्तभंगाची कारवाई यांतलं काहीच हाताला लागत नाही. तीन-चार वर्षांनी 'जनरलिस्ट' (एचआरची सगळी कामं पाहणाऱ्या) पदासाठी मुलाखत दिली की नेमकं तेच विचारतात. शिवाय आयटीची भरती आटली की पहिली कात्री रिक्रूटर्सवर चालते.

एमएसडब्ल्यूवाल्यांना दोन वर्षं क्षेत्रकार्य असतं. एचआर घेतलेल्यांना ते बऱ्याचदा एखाद्या कारखान्यात मिळतं, त्यामुळे पहिली नोकरी चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरीच्या प्लांटमध्ये लागण्याची शक्यता जास्त. तिथे सुरुवात टाइम ऑफिसपासून होते: हजेरी, ओटी (जादा तास), कॅन्टीन, बस, ठेकेदाराची बिलं. पगार सुरुवातीला मोठा नसतो, कामाचा दिवस मात्र मोठा असतो. दुसऱ्या पाळीत प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगाराचं बोट चिरडलं, की रात्री आधी त्याला दवाखान्यात पोचवायचं, मग त्याचा ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबर निघालाय का ते पाहायचं. ठेकेदाराने नाव उशिरा चढवलं असेल तर त्याला उठवून जाब विचारायचा. अपघाताचा अहवाल, घरच्यांना फोन, सकाळी खात्यात जमलेल्या कामगारांशी बोलणं, हे सगळं ओघाने येतंच. अशा एका रात्रीत पीएफ, ईएसआय आणि कंत्राटी कामगार कायदा जेवढा समजतो तेवढा एका सत्रात समजत नाही. पुढे युनियनचं मागणीपत्र येतं, वाटाघाटी होतात, करार होतो. ज्याने दोन करार जवळून पाहिले, त्याला आयआरच्या (औद्योगिक संबंधांच्या) नोकरीसाठी फार शोधावं लागत नाही.

प्लांटच्या बाजूला कायद्याचाही आधार आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावाच लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या २९ कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि त्यांत ही मर्यादा २५० वर आली आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, वेतनाची नवी व्याख्या अशा बदलांमुळे कायदा समजणाऱ्या माणसाची गरज वाढणार, असं मला ठाम वाटतं. कल्याण अधिकारी होण्यासाठी मात्र शासनमान्य पदवी किंवा पदविका लागते. तुमची एमबीए त्यात बसते का, हे प्रवेशाआधी तपासा. एमएसडब्ल्यूवाल्यांनीही तपासावं.

सरकारी उपक्रमांकडे डोळा असेल, तर यूजीसी नेट या परीक्षेतला ५५ क्रमांकाचा विषय बघा: कामगार कल्याण, औद्योगिक संबंध, मनुष्यबळ व्यवस्थापन हे सगळं त्यात येतं. ओएनजीसी, पॉवरग्रिडसारख्या कंपन्यांनी एचआरची भरती नेटच्या गुणांवर केलेली आहे. हा अभ्यास एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटतो. एमबीएवाल्याला कामगार कायदे वेगळे बसून करावे लागतात.

खर्चात फरक मोठा आहे. एमएसडब्ल्यूची फी, विशेषतः अनुदानित कॉलेजात, खासगी एमबीएच्या तुलनेत फारच कमी असते. कर्ज काढून एमबीए करणार असाल, तर कॉलेजच्या फलकावरचं 'हायेस्ट पॅकेज' बघू नका. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी कॉलेजने भरलेली माहिती त्यांच्या वेबसाइटवर असते, ती उघडा. त्यात किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण मुदतीत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणारा) पगार किती, हे ओळीने दिलेलं असतं. एक गोम आहे: तो तक्ता सगळ्या शाखांचा मिळून असतो. फायनान्स आणि मार्केटिंगचे आकडे एचआरच्या आकड्याला वर ओढतात. तेव्हा एचआरच्या गेल्या बॅचमधल्या चार-पाच जणांना गाठून विचारा की आज कुठल्या पदावर आहात आणि पहिली नोकरी कॅम्पसमधून लागली की स्वतः शोधली.

मुलींना 'प्लांट तुला झेपणार नाही' असं घरचे आणि कधी शिक्षकही सांगतात. मला हे पटत नाही. वाहन आणि पाळ्यांचे प्रश्न खरे आहेत, पण ते मुलाखतीत स्पष्ट विचारून घेता येतात. शॉप फ्लोअरवर स्त्री कामगार वाढत असताना तिथे बाई अधिकारी हवीच असते.

माझं मत विचाराल तर: शहरात, आयटीत किंवा बँकेत राहायचं आहे, इंग्रजी सफाईदार आहे, आणि कॉलेजच्या एचआर बॅचचे अनुभव चांगले निघाले, तर एमबीए करा. कारखान्यात काम करायची तयारी आहे, खिसा आखडता आहे, माणसांच्या भांडणात शिरायला भीती वाटत नाही, तर एमएसडब्ल्यू. मुंबईत राहणाऱ्यांनी परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्थेतला मास्टर ऑफ लेबर स्टडीजही जरूर पाहावा. आणि एमबीए आधीच झालं असेल, रिक्रूटमेंटमध्ये अडकल्यासारखं वाटत असेल, तर नोकरी न सोडता कामगार कायदे व कामगार कल्याणाची एक वर्षाची पदविका करता येते. प्लांटच्या मुलाखतीला बोलावणं येण्यासाठी ती पुष्कळदा पुरते.