सात आठी छप्पन्न: मुलीच्या टॅब्लेटचे दहा महिने

"मॅडम, गूगलचा पासवर्ड सांगा, म्हणजे पुढचं बघता येईल."

शुक्रवारी दुपारी सर्व्हिस सेंटरवरून हा फोन आला आणि ठरवलं, या टॅब्लेटबद्दल आता लिहायचंच. टॅब्लेट दिला होता चार्जिंग होत नाही म्हणून. त्याला माझा पासवर्ड कशाला? तर म्हणे "सॉफ्टवेअर चेक करायला" रीसेट मारला. मला न विचारता. रीसेटनंतर तो आधीचं खातं मागत अडून बसला, तेव्हा यांना माझी आठवण झाली. चार्जिंगच्या भोकात पिन हलते हे मी काउंटरवर हातात धरून दाखवलं होतं. पाय मुरगळला म्हणून नेलेल्या माणसाचं डोकं भादरून परत पाठवावं, तसला प्रकार.

कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. साडेअकरा हजारांचा, दहा इंची. त्या किमतीत सगळे उन्नीस-बीसच असतात. स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा यांवर लिहिणारे भरपूर आहेत. चौथीतल्या मुलीच्या हातात तो दहा महिने होता तेव्हा घरात काय काय झालं, ते मला सांगायचंय.

दिवाळीत घेतला. कारण माझा फोन माझा राहिला नव्हता. मी पतसंस्थेत हिशोब बघते, एकदा माझ्या मुलीने, चिऊने, माझ्या फोनवरून आमच्या मॅनेजरसाहेबांना नाचणाऱ्या अस्वलाचा स्टिकर पाठवला. त्याच आठवड्यात टॅब्लेट घरात आला.

पहिले दोन महिने फक्त यूट्यूब किड्स, तेही खातं न जोडता. अर्ध्या तासाचा टायमर लावायचा आणि आपण भाकऱ्या करायच्या, असा बेत. वेळ संपली की व्हिडिओ थांबतो. पुढे जायचं तर कुलपाच्या चित्रावर बोट ठेवायचं. ते कुलूप फक्त मोठ्यांसाठी. आता समोरचा माणूस मोठा आहे हे त्याला कळतं कसं? ते एक गुणाकार विचारतं. ७ × ८ = ?

हे कुलूप ज्याने कोणी बनवलं, त्याच्या घरी माझ्या सासूबाई नाहीत.

आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती झाली की पाढे, त्याला सुट्टी नाही. तिसरीच्या दिवाळीपर्यंत चिऊचे वीसपर्यंत पाठ होते, एकोणिसाचा तेवढा अडखळत. सात आठी छप्पन्न तिला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. मलाच कॅल्क्युलेटर लागतो. तीन आठवडे मला पत्ता नव्हता. अर्धा तास आज फारच लांबला, एवढंच वाटायचं. मग एकदा तवा उतरवताना ऐकलं: व्हिडिओचा आवाज थांबला, बारीक आवाजात "नऊ सक चोपन्न", आणि व्हिडिओ परत सुरू.

हे मी नवऱ्याला सांगितलं, भावाला सांगितलं, ऑफिसात चौघींना सांगितलं. सगळे हसले. मला अजून हसू येत नाही. स्वतःचा पासकोड ठेवायची सोय आत आहे, मान्य. पण तुम्ही काही बदललं नाही तर कुलूप हेच, आणि किती घरांत कोण बदलतं? वर त्याच ॲपमध्ये पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयाचे गट पाडलेत. नऊ ते बाराच्या पोराला एक अंकी गुणाकार येणार नाही, असं समजणारी शाळा कुठल्या देशात आहे? दाराला कडी लावायची आणि कडी कशी काढायची हे पोराला रोज संध्याकाळी तासभर शिकवायचं, असं आमचं चाललं होतं. सासूबाईंचं म्हणणं उलटं. "पाढे येतात म्हणून उघडतं ना? मग येऊ देत की!" त्यांच्या मते हे त्या टॅब्लेटचं सगळ्यात चांगलं फीचर. खरं सांगायचं तर एकोणिसाचा पाढा त्याच काळात सरळ झाला, पण त्याचं श्रेय मी कुलपाला देणार नाही. ते एकोणिसापर्यंत जातच नाही.

मग मी चार अंकी पासकोड ठेवला, माझं जन्मसाल. चिऊने ते आजीला सरळ विचारून घेतलं.

आजीचा विषय निघालाच आहे तर. मुलाच्या टॅब्लेटला तुम्ही सतरा कुलपं लावा, घरात आजी-आजोबांचा एक मोकळा फोन असतोच. आमच्या आजींच्या फोनला पॅटर्नसुद्धा नाही. कीर्तनाचा व्हिडिओ संपला की खाली काय काय येतं ते मी एकदा शेजारी बसून बघितलं आणि त्या दिवसापासून आजींचा फोन हा माझ्या दृष्टीने टॅब्लेटपेक्षा मोठा विषय झाला. आमच्या शेजारच्या, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मी ते घरात वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून देवघरातली घंटा वाजवायला सुरुवात केली. सातला सगळे फोन फळांच्या टोपलीत. त्यांची मालिका साडेसातला असते, ती या नियमात बसत नाही असं त्यांनीच ठरवलंय.

जानेवारीत फॅमिली लिंक बसवलं, गूगलचं पालकांसाठीचं ॲप. मुलांचं खातं वेगळं, चावी आपल्या फोनमध्ये. तिने कुठलंही ॲप घ्यायचं म्हटलं की विनंती मला येते, भले मी कॅश मोजत असेन. रात्री नऊला टॅब्लेट आपोआप झोपतो. नेट नसताना उघडायचा झाला तर माझ्या फोनवरचा आकडी कोड लागतो, आणि तो बदलत राहतो, त्यामुळे आजींना पाठ असून उपयोग नाही. हे सगळं चांगलं. तरी एप्रिलपर्यंत मी भेटेल त्याला सांगत होते की हे भंगार आहे. कारण ते मिनिटं मोजतं, त्या मिनिटांत मूल काय करतंय ते बघत नाही. चिऊ स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीचं कोडिंगचं ॲप) मांजर चालवत असायची, पायऱ्या जुळत आलेल्या असायच्या, आणि तेवढ्यात पडदा बंद. मग रडारड. अर्धा तास रंगीत गोळ्या फोडणारीला आणि अर्धा तास काहीतरी बनवणारीला एकच माप.

इथे मला माझे शब्द गिळावे लागतात. मे महिन्यात भाचा आला होता, त्याने माझा फोन घेतला आणि म्हणाला, "मामी, एखादं ॲप रोजच्या मर्यादेतून बाहेर काढता येतं की." दोन टिचक्या. स्क्रॅच मोकळं, बाकीच्यांना अर्धा तास. चार महिने मी ज्याला शिव्या घातल्या, ते सेटिंगमध्ये बसलेलं होतं. भंगार म्हटलेलं मागे घेते. ती सोय इतकी आत का लपवली, हे मात्र विचारणारच.

स्क्रॅच आमच्याकडे आलं ते रागाने. कोडिंगच्या क्लासवाल्यांचा फोन आला, डेमो फुकट. डेमोनंतर फी सांगितली एकतीस हजार. मी नाही म्हटल्यावर ती बाई म्हणाली, मुलीच्या भविष्याशी तडजोड करणार का? साडेअकरा हजारांचा टॅब्लेट, आणि तो वापरायला शिकवायचे एकतीस. फोन ठेवला आणि फुकट काय मिळतं ते शोधलं. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलं, आठ ते सोळाच्या मुलांसाठी, आणि आजही पूर्ण फुकट आहे. २०१९ ला तिसरी आवृत्ती आली तेव्हा फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरची कटकट गेली आणि ते टॅब्लेटवर चालायला लागलं. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर त्याला स्क्रॅच ज्युनिअर आहे, त्यात वाचावं लागत नाही. स्क्रॅचमध्येही कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे. जाहिरात नाही. खातं न काढताही सगळं बनवता येतं, आणि आम्ही अजून काढलेलं नाही.

आता जवळून एक गोष्ट सांगते. मी यूट्यूब किड्सला पासकोड ठेवल्याचा राग चिऊच्या मनात होताच. तिने स्क्रॅचमध्ये स्वतःचं कुलूप बनवलं. मांजर दोन आकडे मनाने निवडते, गुणाकार विचारते, उत्तर बरोबर आलं तर दार उघडतं, नाहीतर "म्याऊ" करून हाकलते. 'पिक रँडम' हा ठोकळा दोनदा, 'आस्क अँड वेट' एकदा, खाली 'इफ, एल्स'. एवढं तिचं तिने केलं. पण मांजर प्रत्येक उत्तराला हाकलत होती. सात आठी छप्पन्न लिहिलं, म्याऊ. परत लिहिलं, म्याऊ. दोन दिवस ती त्याच्यापुढे बसून. मला वाटलं ठोकळा चुकलाय, मी सगळे मोजून बघितले, नवऱ्याने बघितले, काही सापडेना. तिसऱ्या दिवशी तीच ओरडत आली. तिचा कीबोर्ड मराठीवर होता, ती ५६ मराठी अंकांत लिहीत होती. मांजरीच्या मनातले छप्पन्न इंग्रजी अंकांतले. स्क्रॅचला मराठी अंक म्हणजे नुसती अक्षरं, आकडा नाहीच. कीबोर्ड बदलला, दार उघडलं. आणि मग तिने मांजरीला आधी एक सूचना बोलायला लावली: "आजी, इंग्रजी आकडे लिही."

एकतीस हजारांत हे शिकवलं असतं का, मला शंका आहे. सोपं करून सांगितलं असतं आणि पुढचा धडा घेतला असता.

बाकीचं भरभर. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप उघडतं, आम्ही परीक्षेच्या आठवड्यातच वापरतो. गूगलच्या रीड अलाँगमध्ये मूल मोठ्याने वाचतं आणि ते ऐकून चुका सांगतं, मराठीही आहे आणि नेट नसताना चालतं, गावी एसटीत कामाला आलं. स्टोरीवीव्हर या साइटवर प्रथम बुक्सच्या मराठी गोष्टी फुकट आहेत, त्या उतरवून घ्याव्यात. कुणाला टॅब्लेट नाही आणि जुना फोन आहे, त्यांनी निदान रीड अलाँग आणि स्टोरीवीव्हरच्या गोष्टी एवढं तरी टाकावं.

एक प्रसंग मात्र सगळ्या आयांनी ऐकावा. चिऊने एका प्रोजेक्टमध्ये स्वतःचा आवाज भरला होता. मांजरीवर बोट ठेवलं की मुलगी खणखणीत आवाजात बोलते: "माझे पूर्ण नाव अमुक तमुक. मी इयत्ता चौथी अ मध्ये शिकते. माझ्या शाळेचे नाव अमुक. मी राहणार..." आणि पुढे गल्लीपर्यंत पत्ता. मैत्रिणीच्या ताईने सांगितलं होतं की स्क्रॅचच्या साइटवर टाकलं की जगभर दिसतं, म्हणून तिला ते टाकायचं होतं. मी रागावले तर ती गोंधळून गेली. "आई, बाईंनी असंच सांगायला शिकवलंय." बरोबरच होतं तिचं. परिपाठाला जे पाठ करून घेतात, पाहुण्यांसमोर जे म्हणायला लावून आपण कौतुक करतो, तेच सगळं नेटवर सांगायचं नसतं. हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता, मीसुद्धा नाही. आता नियम असा: दारात आलेल्या अनोळखी माणसाला जे सांगणार नाही, ते मांजरीलाही सांगायचं नाही. स्क्रॅचवालेही खात्याला खरं नाव देऊ नका म्हणतात, आणि आपण शेअर करेपर्यंत प्रोजेक्ट कुणाला दिसत नाही. प्रोजेक्टखालच्या कॉमेंटही बंद ठेवता येतात. आम्ही मुळात शेअरच केलं नाही. आत्याला टॅब्लेट हातात देऊन दाखवतो.

म्हणूनच तो पासवर्डचा फोन मला एवढा झोंबला. टॅब्लेट जमा करताना जॉबशीटवर नऊ ठिपक्यांचा चौकोन होता, पॅटर्न काढून द्या म्हणून. तो कागद काउंटरवर उघडाच पडलेला असतो, वर आपला मोबाइल नंबर. मी काढला नाही, तर तो मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला की मी काहीतरी लपवतेय. लपवतेच आहे. नऊ वर्षांच्या मुलीचे फोटो आहेत त्यात. चार्जिंगचा जॅक बदलायला फोटो बघावे लागत नाहीत. आणि गूगलचा पासवर्ड दिला असता तर टॅब्लेटच नाही, माझ्या फोनमधली चावीही गेली असती.

इथवर रविवारी लिहिलं होतं. बुधवारी टॅब्लेट घेऊन आले, त्यामुळे पुढचं जरा थंड डोक्याने. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट चोवीसशे रुपये, "सब-बोर्ड बदलावा लागेल". उचलला आणि एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आधी सुईने भोकातली रजईची लव काढली, बरीच निघाली. तरी पिन हलतच होती, मग माझ्यासमोर जॅक बदलला. साडेतीनशे. पासवर्ड मागितला नाही. "चार्जिंगला लावून पोटावर ठेवून बघते ना मुलगी? त्याने वायर वाकते आणि जॅक जातो," एवढं बोलला. आता काटकोनी पिनची वायर घेतली, एकशे वीस.

चिऊची अकरा प्रोजेक्टं रीसेटमध्ये गेली. तक्रारीत मी ते लिहिलंय, त्याचे पैसे कसे लावायचे ते मला कळलं नाही. फाइल बाहेर काढून ठेवायच्या हे मला माहीत असायला हवं होतं, ती चूक माझी. आता दर रविवारी पेनड्राइव्हवर घेतो.

काल संध्याकाळी तिने कुलूप पहिल्यापासून परत बनवलं, आठवणीतून, तासाभरात. या वेळी गुणाकार नाही. मांजर विचारते, "माझ्या बाकावर डावीकडे कोण बसतं?" तीन संधी. मी दोन नावं टाकली, दोन्हींना म्याऊ. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, आणि दार उघडलं.