ट्रकची कॅन लाईन गेली: आधी काय घ्यावं? मीटर, स्कॅनर की स्कोप?

गाडी ओढत नाही, डॅशबोर्डवर दिवे लागलेत, कोड 'लॉस्ट कम्युनिकेशन'चा, म्हणजे संपर्क तुटल्याचा. नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साईड मोजणारा) बदलला, बिल झालं, आणि पहिल्याच फेरीत तोच कोड परत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकवर हे फार चालतं. कारण सेन्सर असो, एबीएस असो की डॅशबोर्डचा क्लस्टर, सगळे पीळ घातलेल्या दोन वायरींच्या कॅन लाईनवर बोलतात. लाईन गेली की दोष भलत्याच पार्टवर जातो.

तेव्हा गॅरेजात पैसे घालताना आधी कशात घालायचे? माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: स्कॅनर, म्हणजे गाडीतले कोड वाचणारं यंत्र, तक्रार लिहून घेतो, तुटलेली जागा दाखवत नाही. जागा शोधायचं काम मल्टीमीटरचं, आणि मीटर हरला की स्कोपचं, म्हणजे व्होल्टेजचं चित्र पडद्यावर काढणाऱ्या यंत्राचं.

मीटरपासून सुरू करू. ट्रकच्या कॅन लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जागेवर असले की हाय आणि लो या दोन वायरींमध्ये साधारण ६० ओहम दिसतात. स्कॅनर जोडायचा सॉकेट गोल ९ पिनचा असेल तर सी आणि डी पिन, १६ पिनचा ओबीडी असेल तर सहसा ६ आणि १४. रीडिंग १२० आलं तर एक टोक गेलं किंवा मधली मुख्य लाईन तुटली. ४० आलं तर कुणीतरी जास्तीचा रेझिस्टर घुसवलाय. शून्याच्या जवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. आता एकेक कपलर काढत जा आणि मीटरवर नजर ठेवा. मात्र टोकाचा रेझिस्टर काही गाड्यांत ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) आतच असतो, तेव्हा ईसीएमचा कपलर काढल्यावर १२० दिसले तर दचकू नका.

हे मोजमाप लाईनमध्ये करंट नसतानाच करायचं. त्यातही घाई नको. चावी बंद केल्यावर धूर साफ करणारी युरियाची सिस्टीम पाईपमधला युरिया मागे ओढून घेते. तो आवाज थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका, नाहीतर युरिया पाईपमध्येच खडे होऊन बसतो आणि एक काम करायला गेलात तर दुसरं अंगावर येतं.

चावी चालू करून व्होल्टेजही बघता येतं. अर्थला धरून हायवर अडीचच्या किंचित वर, लोवर किंचित खाली, आणि दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास. एखाद्या वायरवर शून्य दिसलं तर ती चेसिसला घासली असण्याची शक्यता मोठी. बॅटरीचं व्होल्टेज दिसलं तर कुठेतरी सप्लायच्या वायरला चिकटली. दोन्हींवर अगदी सारखं व्होल्टेज म्हणजे त्या आपसात शॉर्ट आहेत किंवा लाईनवर कुणी बोलतच नाही.

आता मीटर फसवतो कुठे ते बघा. ६० ओहम आले म्हणजे मुख्य लाईन शाबूत, एवढंच कळतं. लाईनवरून सेन्सरकडे जाणारी छोटी शाखा तुटली असली तरी ६० च दिसतात. शिवाय बऱ्याच गाड्यांत एकापेक्षा जास्त कॅन लाईन असतात. सॉकेटवर तुम्ही एक मोजता आणि सायलेन्सरकडची दुसरीच मेलेली असते. म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम हाताशी नसेल तर मीटर अर्धाच उपयोगाचा. तिसरी गोष्ट वेगाची. लाईनवर सेकंदाला अडीच लाख बिट जातात, काही गाड्यांवर पाच लाख. मीटर दाखवतो ती त्यांची सरासरी. क्षणभर तुटून जुळणारी वायर तिच्यात लपून जाते.

स्कॅनरचं बलस्थान वेगळं आहे. एका ईसीयूचे (गाडीतल्या एका कंट्रोल कॉम्प्युटरचे, म्हणजे मॉड्यूलचे) कोड वाचून थांबू नका, सगळ्यांचे वाचा आणि कोण कुणाबद्दल रडतोय ते बघा. इंजिन, एबीएस आणि क्लस्टर तिघंही एकाच मॉड्यूलचा आवाज येत नाही म्हणत असतील, तर आधी त्या मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थ तपासा, मग त्याची शाखा. प्रत्येकजण प्रत्येकाबद्दल रडत असेल, एसपीएन ६३९ (कॅन लाईनच्याच बिघाडाचा कोड) दिसत असेल, तर मुख्य लाईन धरा. आणि स्कॅनरच जुळत नसेल तर यंत्राला शिव्या घालण्याआधी सॉकेटवर बॅटरी आणि अर्थ येतोय का, हे मीटरने बघा. काम झाल्यावर कोड उडवायला, युरिया सिस्टीमची टेस्ट चालवायला स्कॅनरशिवाय पर्याय नाही, त्यामुळे कधी ना कधी तो घ्यावाच लागतो. फक्त कार-जीपचा स्वस्त स्कॅनर ट्रकवर चालेल या भरवशावर राहू नका.

उरला स्कोप. गाडी यार्डात ठणठणीत आणि घाटात भरलेल्या लोडवर बंद, अशी केस आली की मला दुसरं काही सुचत नाही. लोडवर इंजिन माउंटिंगवर हलतं, हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर घासतो, क्षणभर अर्थ होतो, परत सुटतो. दोन चॅनेल हाय आणि लोवर लावायचे: एक अडीचवरून साडेतीनपर्यंत चढतो, त्याच वेळी दुसरा दीडपर्यंत उतरतो, जणू आरशातलं प्रतिबिंब. आता हार्नेस इंचाइंचाने हलवा. जिथे एक रेघ आडवी पडेल तिथे टेप उलगडा. सिग्नलच्या प्रत्येक चढ-उतारावर शेपटीसारख्या लहरी उठत असतील तर टोकाचा रेझिस्टर गेलाय. आल्टरनेटरचा गोंधळ लाईनवर येतोय का, हेही इथेच दिसतं. अट एवढीच की बघणाऱ्याला चित्र कळलं पाहिजे, आणि ते शिकायला चांगल्या गाडीवर सराव लागतो.

कुठल्याही यंत्राआधी डोळे वापरा: कॅबिन उचलते तिथला वळणारा हार्नेस, सायलेन्सरजवळून जाणारी नॉक्स सेन्सरची वायर, क्लिप तुटून लोंबणारा गठ्ठा, नंतर बसवलेल्या जीपीएसचा जोड. कपलर उघडल्यावर पिनेवर हिरवट थर दिसला तर पुढे पळू नका, तिथेच थांबा. बल्बवाला टेस्ट लॅम्प मात्र या दोन वायरींना कधीच लावू नका, आणि सुई टोचून मोजायची सवयही सोडा. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं.

घ्यायचा क्रम असा ठेवा. हायवेवर ब्रेकडाऊन उचलणारा एकटा वायरमन असाल तर चांगला मीटर, टोकाच्या पिनांना जुळणारे प्रोब आणि डायग्राम, बस. स्कॅनरवाला मित्र फोनवर असू द्या. दोन-तीन बे (गाडी उभी करून काम करायच्या जागा) चालवत असाल तर स्कॅनर घ्याच, पण ट्रकचा, आणि अपडेटचं वर्षाचं भाडं आधी विचारून. आणि शेजारची गॅरेजं हात टेकून गाड्या तुमच्याकडे पाठवत असतील, तर दोन चॅनेलचा साधा २० मेगाहर्ट्झचा स्कोपही या लाईनला भरपूर झाला; त्याहून महागड्याचे पैसे डायग्रामच्या सबस्क्रिप्शनला लावा.