चिनी निळं-पांढरं की जपानी इमारी? जुनं पोर्सलेन जमवायला घेताना

जुनं पोर्सलेन घ्यायचं मनात आलं की पहिल्या काही खरेद्यांतच फाटा फुटतो. एक वाट छिंग काळातल्या (१६४४ ते १९१२) चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांकडे जाते, दुसरी एदो (१६०३ ते १८६८) आणि मेइजी (१८६८ ते १९१२) काळातल्या जपानी इमारीकडे. दोन्ही वाटा एकदम धरणारेही आहेत. पण पैसे, घरातली जागा आणि नजर या तिन्हींना मर्यादा असते, आणि नजर तयार व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला एक बाजू धरलेली बरी. नोकरीनिमित्त जपानात राहत असताना मी दोन्हीकडची भांडी घेतली, हाताळली, त्यातली काही पुढे विकलीही. त्यातून जे मत झालं ते इथे मांडतो. पगारातून बाजूला काढलेल्या पैशांत एखादी बशी, एखादा वाडगा घेणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. लिलावात मोठ्या बोली लावणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

आधी चिनी बाजूचं मोठेपण मान्य करतो. सम्राट कांगशीच्या काळातली (१६६२ ते १७२२) चांगली निळी-पांढरी बशी हातात घेतली की बाकी सगळं थोडं फिकं वाटायला लागतं. माती घट्ट आणि पांढरीशुभ्र. निळा रंग एकावर एक पातळ हात देऊन चढवलेला, त्यामुळे एकाच डोंगरात चार-पाच छटा दिसतात आणि रंग झिलईच्या आतून उजळल्यासारखा वाटतो. जपानी इमारी जिथे बनते त्या आरिता गावच्या भांड्यात ही खोली मला क्वचितच दिसली. तिथली माती किंचित राखाडी, निळा रंग शांत, कधीकधी तर मळकट. नुसत्या कारागिरीवर निकाल द्यायचा असेल तर चीन जिंकतो, आणि बहुधा सहज जिंकतो.

हे पाहायला मुंबईकरांना लांब जायला नको. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. खरेदीआधी तिथे निवांत वेळ काढावा. लंडनला जाणं झालं तर ब्रिटिश म्युझियममधलं सर पर्सिव्हल डेव्हिड यांचं दालन चुकवू नये. मुंबईत जन्मलेल्या या माणसाने चिनी भांड्यांचा जगातला एक सर्वोत्तम संग्रह उभा केला. त्यात मंदिराला अर्पण केलेली दोन उंच फुलपात्रं आहेत. त्यांच्या मानेवर लिहिलेली तारीख १३५१ सालची निघते, आणि चौदाव्या शतकातलं निळं-पांढरं पोर्सलेन ओळखताना अभ्यासक आजही याच जोडीचा आधार घेतात.

दोन्ही बाजू एकमेकींत किती गुंतल्या आहेत तेही लक्षात ठेवायला हवं. १६४४ मध्ये चीनमधली मिंग सत्ता कोसळली, चिनी पोर्सलेनचं मुख्य केंद्र असलेल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांची घडी विस्कटली, आणि युरोपला पोर्सलेन पुरवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीने जपानच्या आरिताकडे मोर्चा वळवला. १६५९ मध्ये तिने आरिताला पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. तो माल जवळच्या इमारी बंदरातून निघे, म्हणून नाव पडलं इमारी. पुढे जिंगदेझेन सावरलं आणि गंमत म्हणजे तिथले कारागीर निळ्या-लाल-सोनेरी इमारीच्या नकला करून युरोपला विकू लागले. त्याच्याही आधी, मिंग राजवटीच्या अखेरीस, जिंगदेझेनमध्ये खास जपानी चहासमारंभांसाठी भांडी बनत. त्यांच्या कडेला झिलई सुटून बारीक खड्डे पडलेले असतात. जपानी लोक त्याला ‘मुशिकुई’, म्हणजे किड्याने खाल्लेलं, म्हणतात आणि तो दोष कौतुकाने मिरवतात. त्यामुळे जपानी बाजारात फिरताना चिनी भांडी भेटतातच.

आता ज्या गोष्टीने माझा कल ठरला तिच्याकडे येतो. ती म्हणजे चिनी भांड्याच्या बुडावरचा शिक्का.

नवशिक्याला वाटतं की बुडावर सहा अक्षरांत सम्राटाचं नाव लिहिलंय, म्हणजे काळ कळला. प्रत्यक्षात त्या सहा अक्षरांइतकी बेभरवशाची गोष्ट दुसरी नाही. कांगशीच्या काळातल्या असंख्य भांड्यांवर त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या चेंगह्वा सम्राटाचं नाव आहे. १६७७ मध्ये तर जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायलाच मनाई केली होती. भांडं फुटून नावाचा अवमान होऊ नये, हे त्यामागचं एक कारण सांगतात. म्हणून त्या काळातल्या कित्येक बश्यांच्या बुडावर नुसती निळी दुहेरी वर्तुळं आहेत, आत काहीच नाही. पुढे ग्वांगशूच्या काळात (१८७५ ते १९०८) कांगशीचं नाव घातलेली भांडी ढिगाने बनली. यातलं सगळं फसवण्यासाठी नव्हतं, पूर्वजांच्या कलेबद्दलचा आदरही त्यात होता. पण आज जिंगदेझेनमध्येच उत्तम कारागीर त्याच मातीत, त्याच पद्धतीने, तीच सहा अक्षरं लिहीत आहेत, आणि तो माल जगभरच्या बाजारांत जुना म्हणून फिरतो.

माझ्याकडे एक लहान चिनी बशी होती. मधोमध आलुबुखाराची फांदी, मागे कांगशीचा शिक्का. बुडाची कड सुरीने नीट छाटलेली, आणि झिलई संपते तिथे लोखंडाच्या गंजासारखी बारीक नारिंगी रेघ. पुस्तकांत सांगितलेलं सगळं जागच्या जागी. एका जाणत्या विक्रेत्याने ती कांगशीचीच म्हणून सांगितलं. दुसऱ्याने भिंग लावून ग्वांगशूची ठरवली. तिसऱ्याने बुडाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि नारिंगी रेघ रंगवलेली आहे, माल अलीकडचा आहे, असा निर्वाळा दिला. तिघेही अनुभवी, तिघांचंही म्हणणं ऐकताना पटणारं. किंमत मात्र कोणाचं खरं मानता त्यावर शंभरपट वर-खाली. मला सगळ्यांत खुपलं ते असं की ती फांदी पाहणंच बंद झालं. घरी कोणी आलं की बशी उलटी व्हायची, बोलणं बुडाभोवतीच फिरायचं. ज्या नक्षीसाठी ती घेतली ती कायम खाली तोंड करून.

तुमचा स्वभाव वेगळा असेल, तर हा तपास हाच छंदाचा सगळ्यांत गोड भाग वाटू शकतो. असे संग्राहक मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला ते जमलं नाही.

शिक्क्यांचा घोळ जपानी भांड्यांवरही आहेच, हे सांगितलं पाहिजे. एदो काळातल्या इमारीच्या बुडावर त्याच चेंगह्वाचं नाव सर्रास सापडतं. फरक असा की तिथे त्यावरून कोणी काळ ठरवत नाही आणि किंमत त्यावर टांगलेली नसते. काळ ठरतो आकारावरून, निळ्याच्या जातीवरून, नक्षीवरून, बुडावर भट्टीत दिलेल्या टेकूंच्या बारीक टोचणांवरून. शिवाय पडताळून पाहायला एक पक्की जागा आहे. आरितातल्या क्युशू सिरॅमिक म्युझियममध्ये शिबाता दांपत्याने दिलेली दहा हजारांहून अधिक आरिता भांडी आहेत, आणि त्यांतली निवडक काळाच्या क्रमाने मांडलेली असतात. ती एकदा पाहून आलं की अठराव्या शतकातली बशी आणि एकोणिसाव्या शतकातली बशी यांतला फरक आपोआप नजरेत बसतो.

दुसरं कारण पैशांचं. नकली माल पैशांच्या मागे धावतो. २०१४ मध्ये चेंगह्वा काळातला कोंबड्यांचं चित्र असलेला एक छोटा पेला हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरना गेला. इतका पैसा फिरतो तिथे हुशार हातही जमणारच. सोबा-चोको, म्हणजे नूडल्सबरोबरच्या सॉसची एदो काळातली छोटी वाटी, टोकियोच्या बाजारात मला साधारण चार ते दहा हजार येनना मिळत आली. तिची नक्कल होत नाही असं नाही, पण त्यात फारसा नफा नाही. सुरुवातीची इमारी, काकिएमोन, नाबेशिमा अशा महाग नावांपाशी मात्र जपानी बाजूलाही तितकंच सावध राहावं लागतं.

तिसरी गोष्ट माझ्या लेखी या सगळ्यांवर कडी करते. जपानी जत्रेतल्या विक्रेत्याने भांड्याला लावलेली चिठ्ठी वाचून पाहा. काळ आणि किमतीखाली बहुतेक वेळा दोष लिहिलेला असतो. न्यू म्हणजे केसासारखी चीर, होत्सु म्हणजे कडेचा बारीकसा टवका, नाओशी म्हणजे दुरुस्ती. विक्रेता स्वतःच बोट ठेवून दाखवतो. भांडं तळहातावर घेऊन हलकी टिचकी मारायची परवानगी मागा, बहुतेक जण देतात. धड भांडं खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. चिनी मालाच्या बाजारात हा मोकळेपणा मला क्वचित भेटला. तिथे दोष शोधणं हे गिऱ्हाइकाचं काम. सगळेच तसे नसतील, पण माझा अनुभव असा आहे.

आणि जपानी भांडं वापरता येतं. आमच्या घरी सोबा-चोकोत चहा होतो, मेइजी काळातल्या छापील नक्षीच्या ताटल्यांत फराळ दिला जातो. या छापील ताटल्यांना इन्बान म्हणतात. कागदी साच्याने किंवा तांब्याच्या पत्र्यावरून नक्षी उतरवलेली, निळा रंग भडक, कारण तोवर युरोपातून आयात केलेला, निळा रंग देणारा कोबाल्ट आला होता. जोड जुळलेली नाही, रंग ओघळलेला आहे, आणि तरी दीड-दोन हजार येनमध्ये शंभरेक वर्षं जुनी वस्तू रोजच्या वापरात येते. एक काळजी घ्या. जेवायला फक्त झिलईखालच्या निळ्या नक्षीची भांडी वापरा. वरून चढवलेल्या जुन्या लाल-हिरव्या रंगांत शिसं असू शकतं. सोन्याची नक्षी किंवा किन्त्सुगीने, म्हणजे लाख आणि सोन्याने, सांधलेलं भांडं मायक्रोवेव्हमध्ये कधीच ठेवू नका.

जपानी बाजूच्या अडचणी थोडक्यात सांगतो. चांगल्या वस्तूबरोबर लाकडी पेटी येते आणि पेट्यांनी कपाट भरून जातं. पेटीवरचं लिखाण नेहमी आतल्या भांड्याचंच असेल असं नाही, नंतर जुळवलेल्या पेट्या पुष्कळ असतात. पाचचा संच पुरा मिळणं अवघड. पुन्हा विकायला गेलात तर साध्या इमारीला फारसा भाव येत नाही. गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याने अस्सल आणि कागदपत्रांसह असलेलं चिनी घ्यावं, तिथे मी वाद घालणार नाही. 

इतकं वाचूनही मन चिनीकडेच ओढत असेल तर संशयाला फाटा देणारे काही मार्ग आहेत. बुडालेल्या जहाजांतला माल हा त्यातला सगळ्यांत परवडणारा. १७५२ मध्ये बुडालेल्या डच जहाजातला, नानकिंग कार्गो म्हणून ओळखला जाणारा माल १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये लिलावात निघाला. १८२२ मध्ये बुडालेल्या तेक सिंग जहाजावरची साडेतीन लाखांच्या आसपास भांडी २००० मध्ये जर्मनीत विकली गेली. लिलावाची मूळ चिकटपट्टी आणि कागद सोबत असलेली अशी वाटी घेतली की काळाचा प्रश्न बराचसा मिटतो. समुद्राच्या पाण्याने झिलईची चमक गेलेली असते, तेवढं सोसावं लागतं. दुसरा मार्ग, जुन्या घराण्यांतून येणारी भांडी. चीनच्या व्यापारात उतरलेल्या पारशी कुटुंबांकडे आणि गोव्यातल्या जुन्या वाड्यांत चिनी पोर्सलेन पिढ्यानपिढ्या आहे. घराण्याचा माग नीट सांगता येत असेल तर ते शिक्क्यापेक्षा किती तरी भरवशाचं. प्रत्यक्ष चीनमधून आणायचा विचार मात्र सोडून द्या. १९११ पूर्वीच्या वस्तू तिथून बाहेर काढायला बंदी आहे, म्हणजे रस्त्यावर कोणी ‘छ्येनलोंग काळातलं’, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या सम्राटाच्या वेळचं, म्हणून विकत असेल आणि ते खरं असेल, तर तुम्ही ते नेऊ शकत नाही. आणि नेऊ शकत असाल तर ते बहुधा तसं नाही.

ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांनी जपानला जाणं झालं तर तारखा जुळवून घ्याव्यात. क्योतोत तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, कितानो तेनमान्गूमध्ये २५ तारखेला. टोकियोत इंटरनॅशनल फोरमच्या अंगणातला बाजार बहुतेक पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी असतो, पाऊस असेल तर रद्द होतो. खिशात छोटी टॉर्च ठेवा, चीर प्रकाशात पटकन दिसते. पहिल्या खरेदीसाठी माझं सुचवणं असं आहे. निळ्या-पांढऱ्या नक्षीची, कडेला एखादा होत्सु असलेली सोबा-चोको घ्या. टवक्यामुळे भाव उतरलेला असतो, आणि तिथेच झिलईखालची माती उघडी पडलेली असते. आरिताच्या मातीचा पोत आणि रंग नखाएवढ्या जागेत इतक्या जवळून दुसरीकडे कुठेच पाहायला मिळत नाही.