मिथायलेशन की क्रोमॅटिन, जीन नक्की कोण बंद ठेवतं?
आमच्या सोलापुरात घरोघरी चादरींची चळत असते, घट्ट घडी घातली की आतलं मोराचं डिझाईन दिसतच नाही, क्रोमॅटिनचं, म्हणजे पेशीतल्या डीएनए आणि प्रोटीनच्या गुंडाळीचं, अगदी तसंच आहे बघा. डीएनएच्या साधारण १४७ अक्षर-जोड्या ८ हिस्टोन प्रोटीनच्या गोळ्याभोवती गुंडाळलेल्या, घडी घट्ट असली की जीन वाचताच येत नाही, आणि हिस्टोनवर अ‍ॅसिटिल हा छोटा रासायनिक गट लागला की ती सैल होते, हे पटकन बदलतं पण. मिथायलेशन म्हणजे थेट डीएनएच्या धाग्यावरची खूण, त्यातल्या सायटोसिन या अक्षराला मिथाइल हा छोटा रासायनिक गट चिकटतो आणि पेशी विभागली तरी डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम ती खूण नव्या धाग्यावर उतरवतं. जीन कायमचा गप्प ठेवायचा तर मला मिथायलेशनच भारी वाटतं. पण दोघं मिळूनच काम करतात हां, मिथाइल ओळखणारी काही प्रोटीनं अ‍ॅसिटिल काढणाऱ्यांना बोलावतात, मग घडी अजून आवळते.